बधिरांधत्वावरची आंतरराष्ट्रीय परिषद अनुदानातून भरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या संस्था, विशेष शिक्षक आणि पालक-गट आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. परिषद मुंबई-पुण्यासारख्या शहरात आहे, पाहुणे परदेशातूनही येणार आहेत आणि खर्चाचा मोठा भाग अनुदानातून भागणार आहे, असं धरून उत्तरं दिली आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बधिरांधत्व म्हणजे आंधळेपणा अधिक बहिरेपणा, एवढंच ना? मग अंध आणि कर्णबधिर अशा दोन्ही सोयी ठेवल्या की झालं?

नाही. कर्णबधिर माणूस ऐकण्याची उणीव डोळ्यांनी भरून काढतो, अंध माणूस पाहण्याची उणीव कानांनी. बधिरांध माणसाला हे दोन्ही आधार पुरेसे मिळत नाहीत. मंचावर सांकेतिक भाषेचा दुभाषी उभा केला तर तो त्याला दिसत नाही आणि ध्वनिवर्णन दिलं तर ते ऐकू येत नाही. म्हणूनच इंग्रजीत हा शब्द (deafblindness) आता मधली जोडरेघ काढून सलग लिहितात: ही दोन अपंगत्वांची बेरीज नसून स्वतंत्र स्थिती आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत ती बहुविकलांगतेच्या नोंदीत नावानिशी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातही कलम २४ मध्ये बधिरांध मुलांच्या शिक्षणाचा वेगळा उल्लेख आहे.

बहुतेक बधिरांध माणसांना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं. अशर सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असलेली व्यक्ती जन्मतः कर्णबधिर असू शकते आणि तिची नजर वयाबरोबर नळीतून पाहिल्यासारखी अरुंद होत जाते. गरोदरपणातल्या रुबेलामुळे (जर्मन गोवर) किंवा चार्ज सिंड्रोम या जन्मजात विकारामुळे जन्मापासून बधिरांध असलेल्यांची वाट निराळी, आणि सत्तरीनंतर दोन्ही इंद्रियं मंदावलेल्या आजोबांची आणखी निराळी. एकाच सभागृहात या सगळ्यांची सोय करायची असते.

२. तयारी किती आधी सुरू करायची?

अठरा ते चोवीस महिने. पहिले सहा महिने अनुदानाच्या अर्जात आणि सभागृहाच्या शोधात जातात. त्यानंतर दुभाष्यांचं प्रशिक्षण (प्रश्न ७) आणि सरकारी परवानग्या (प्रश्न १२) समांतर चालतात. नोंदणी परिषदेच्या आठ-नऊ महिने आधी उघडा. बधिरांध व्यक्तीला आधी स्वतःचे दुभाषी ठरवावे लागतात, त्यांच्या तारखा जुळवाव्या लागतात आणि मगच तिकीट काढता येतं.

नियोजन समितीत पहिल्या बैठकीपासून किमान दोन बधिरांध सदस्य असावेत, आणि दोघांची संवादाची रीत वेगळी असावी. त्या बैठकांनाही दुभाषी लागतात. तो खर्च अर्जात ‘नियोजन टप्पा’ म्हणून वेगळा दाखवा. तो विसरला की हे सदस्य कागदावरच राहतात.

३. तारखा कोणत्या निवडाव्यात? २७ जूनला हेलन केलर यांची जयंती असते, तो आठवडा साधावा का?

भारतात इतरत्र चालेल, कोकणपट्टीत नको. पावसात बधिरांध माणसाचा एक हात मार्गदर्शकाच्या कोपरावर असतो आणि दुसऱ्यात पांढरी किंवा लाल-पांढरी काठी असते. छत्री धरायला हात उरत नाही. मार्गदर्शकाने छत्री धरली तर रस्त्यात बोलायला त्याचा हात उरत नाही. म्हणजे गाडीपासून दारापर्यंतचं अंतर तो माणूस मुका होऊन चालतो. शिवाय श्रवणयंत्रं आणि कॉक्लिअर इम्प्लांटचे बाहेरचे भाग दमट हवेत बिघडतात. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दिवाळी आणि नाताळाचे आठवडे टाळा, विमानभाडं चढलेलं असतं.

४. अर्जात प्रश्नाचं गांभीर्य कोणत्या आकड्यांनी मांडायचं?

वर्ल्ड फेडरेशन ऑफ द डेफब्लाइंड या संघटनेने २०१८ मध्ये पहिला जागतिक अहवाल काढला. त्यात तीव्र बधिरांधत्व लोकसंख्येच्या सुमारे ०.२ टक्के आणि सौम्य स्वरूप धरून सुमारे २ टक्के, असे अंदाज आहेत. तेच वापरा, पण ‘अंदाज’ हा शब्द गाळू नका. अनुदान देणाऱ्याला याहून जास्त उपयोगी पडते ती ठोस स्थानिक माहिती: तुमच्या जिल्ह्यात किती मुलं विशेष शाळेत आहेत, किती घरी बसून आहेत, स्पर्शातून दुभाषेपण करणारी प्रशिक्षित माणसं किती आहेत. शेवटचा आकडा बहुधा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतका असतो, आणि परिषद का हवी हे तोच सर्वांत जास्त स्पष्ट सांगतो.

५. अंदाजपत्रक कुठून सुरू करायचं? सभागृहापासून की विमानभाड्यापासून?

दुभाष्यांपासून. हा आकडा चुकला की बाकीचं सगळं चुकतं, कारण खोल्या, जेवणं, बसमधल्या जागा आणि सभागृहाचं क्षेत्रफळ त्याच्यावरच ठरतं.

एक नमुना घ्या. १२० प्रतिनिधी, त्यांपैकी ३० बधिरांध. त्यातले १४ जण स्पर्शातून सांकेतिक भाषा किंवा हातावरची मुळाक्षरं वापरतात. प्रत्येकी दोन दुभाषी, म्हणजे २८. आठ जणांना जवळून, अरुंद चौकटीत केलेल्या खुणा दिसतात. दोघांमागे एक जोडी धरली तर चार गटांना ८ दुभाषी. उरलेले आठ जण श्रवणयंत्र, लूप (माइकचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचवणारी तारेची व्यवस्था) आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटणाऱ्या बोलण्याच्या मजकुरावर भागवतात. त्यांना दुभाषी नको, पण ये-जा करायला ४ मार्गदर्शक हवेत. मंचावर भारतीय सांकेतिक भाषेचे २ आणि इंटरनॅशनल साइनचे (वेगवेगळ्या देशांचे कर्णबधिर एकत्र आले की वापरतात ती खुणांची पद्धत) २. बोललेलं लगेच टंकणारे २. झाले ४६. जवळपास दहा टक्के राखीव धरले की ५०.

म्हणजे १२० जणांची परिषद प्रत्यक्षात १७० जणांची असते. या ५० जणांचं मानधन, प्रवास, निवास आणि जेवण, शिवाय तयारीचा एक दिवस आणि प्रवासाचा एक दिवस धरा. ‘सुलभता’ नावाची एकच ओळ टाकून त्यापुढे गोल रक्कम लिहिलेला अर्ज अनुभवी परीक्षक लगेच ओळखतो.

६. एका माणसाला दोन दुभाषी? अनुदान देणारे हा खर्च कापायला सांगतात.

कापू नका, कारण लिहून पाठवा. स्पर्शाच्या दुभाषेपणात बधिरांध माणसाचे हात सतत दुभाष्याच्या हातांवर टेकलेले असतात. खांदे, कोपर आणि मनगटं त्या वजनासकट हलत राहतात. पंधरा-वीस मिनिटांनी नेमकेपणा ढासळू लागतो: आधी आकडे आणि नावं गळतात, मग अर्धी वाक्यं. म्हणून दर पंधरा ते वीस मिनिटांनी बदल लागतो. बदललेला दुभाषी तेव्हा विश्रांतीच घेतो असं नाही. शेजारी बसून तो पाठीवर किंवा दंडावर आजूबाजूची माहिती देतो: कोण उठलं, कोण हसलं, वक्ता कोणाकडे बोट दाखवतोय. बधिरांध माणसाने प्रश्न विचारला तर तो आवाजात मांडणाराही तोच.

याउपर दोन माणसंही सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत पुरत नाहीत. त्यांचा दिवस विश्रांती धरून आठ तासांचा ठेवा आणि संध्याकाळसाठी प्रशिक्षित स्वयंसेवक मार्गदर्शक नेमा.

७. स्पर्शातून दुभाषेपण करणारी माणसं इथे मिळतात का?

पुरेशी नाहीत, आणि कामातली मोठी अडचण हीच आहे. वांद्र्याची अलीयावर जंग राष्ट्रीय संस्था आणि दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र यांच्याकडून सांकेतिक भाषेचे पदविकाधारक दुभाषी मिळतात. पण बधिरांध माणसासोबत काम करणं हे त्यापुढचं वेगळं कौशल्य आहे. मुंबईची हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ पासून आणि अहमदाबादची सेन्स इंडिया १९९७ पासून या क्षेत्रात आहेत. अर्ज लिहिण्याआधीच अशा अनुभवी संस्थांशी बोला.

परिषदेच्या सहा-आठ महिने आधी पंधरा-वीस सांकेतिक दुभाषी निवडा आणि त्यांना स्थानिक बधिरांध व्यक्तींसोबत दर महिन्याला दोन दिवस काम द्या. शिकवणाऱ्यांत बधिरांध व्यक्ती असलीच पाहिजे. चेहऱ्यावरचे भाव हातांत कसे आणायचे, प्रश्नार्थक वाक्य स्पर्शातून कसं कळतं, कंटाळा आलाय की समजलं नाही हे समोरच्याच्या बोटांवरून कसं ओळखायचं, हे तिच्याकडूनच शिकायला मिळतं. परिषद संपल्यावरही ही माणसं जिल्ह्यात राहतात. अर्जात हा भाग सर्वांत आधी मांडा, असं आमचं आग्रहाचं मत आहे.

८. परदेशी पाहुण्यांची भाषा वेगळी. मग एक वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचतं कसं?

साखळीने. वक्ता मराठीत बोलतो. एक जण ते इंग्रजीत करतो. मंचावरचा दुभाषी इंग्रजी ऐकून इंटरनॅशनल साइनमध्ये करतो. प्रेक्षकांत बसलेला दुभाषी ते पाहून आपल्या देशाच्या सांकेतिक भाषेत, शेजारच्याच्या तळहाताखाली करतो. चौथ्या टप्प्याला वाक्य पोहोचतं तेव्हा वक्ता दोन वाक्यं पुढे गेलेला असतो आणि पडद्यावरची स्लाइड बदललेली असते.

हातांच्या रीतीही अनेक आहेत. ब्रिटिश पद्धतीत दोन हातांची मुळाक्षरं तळहातावर काढतात. जर्मनीत लोर्म पद्धत आहे, तीत हाताच्या ठरावीक जागांवर टेकणं-ओढणं म्हणजे अक्षर. जपानमध्ये सहा बोटांवर ब्रेलचे सहा ठिपके टॅप करतात. कुणी तळहातावर मोठी अक्षरं गिरवून घेतं. परदेशी प्रतिनिधीचा दुभाषी त्याच्यासोबतच यायला हवा, तो इथे शोधून सापडत नाही.

म्हणून नियम असे ठेवा: भाषण आणि स्लाइड तीन आठवडे आधी दुभाष्यांकडे, स्लाइडवर सहापेक्षा जास्त ओळी नाहीत, प्रत्येक स्लाइडनंतर वक्त्याने मनात दहा मोजायचे, माइकशिवाय एकही शब्द नाही, बोलणाऱ्याने आधी नाव सांगायचं. सूत्रसंचालकाने प्रश्न आहेत का, असं विचारलं की सर्वांत मागच्या दुभाष्याचे हात थांबेपर्यंत थांबायचं. तसं केलं नाही तर प्रश्न विचारायची संधी नेहमी कानांनी ऐकणाऱ्यांनाच मिळते.

९. नोंदणी अर्जात नेमकं काय विचारायचं?

अपंगत्वाची टक्केवारी विचारू नका, तिचा इथे काही उपयोग नाही. विचारायचं ते असं: माहिती घेण्याची रीत कोणती आणि व्यक्त होण्याची कोणती (दोन्ही बऱ्याचदा वेगळ्या असतात), कोणत्या देशाची सांकेतिक भाषा, दुभाषी समोर हवा की शेजारी, कोणत्या हाताला, खुणा दिसत असतील तर किती अंतरावरून, मंद प्रकाशात किंवा प्रखर उजेडात त्रास होतो का, श्रवणयंत्रात टी-कॉइल (लूपचा आवाज पकडणारं वेटोळं) आहे का, ब्रेल कोणत्या भाषेचं, संक्षिप्त की पूर्ण, स्वतःचे दुभाषी आणणार का, किती, सत्रांबाहेर मार्गदर्शक कोणत्या वेळी हवा, रात्री खोलीत आणीबाणीची सूचना कशी द्यायची.

अर्ज साध्या वर्ड फाइलमध्येही ठेवा. चित्रातले कोड ओळखायला लावणारे, दहा मिनिटांत बंद पडणारे ऑनलाइन अर्ज ब्रेल डिस्प्लेवर (संगणकावरचा मजकूर बोटांखाली ब्रेल ठिपक्यांत उमटवणारं यंत्र) वाचणाऱ्याला अर्ध्यातच बाहेर टाकतात.

१०. ब्रेलमध्ये किती साहित्य छापायचं?

वाटतं त्यापेक्षा कमी. छापील ए-फोर पानाची ब्रेलमध्ये अडीच-तीन पानं होतात. ४० पानी स्मरणिका म्हणजे शंभराहून जास्त जाड पानं, आणि ती प्रवासात कुणी नेत नाही. कार्यक्रमपत्रिका, सभागृहाचं वर्णन, जेवणाची यादी आणि संपर्क एवढंच कागदावर छापा: मराठीसाठी भारती ब्रेल (भारतीय भाषांची ब्रेल लिपी), इंग्रजीसाठी यूईबी (युनिफाइड इंग्लिश ब्रेल). कागद १४० जीएसएमच्या आसपासचा घ्या, पातळ कागदावरचे ठिपके दुसऱ्या दिवशी बोटांखाली सपाट होतात. छापून आल्यावर ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडून एक प्रत तपासून घ्या. जोडाक्षरांच्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत.

बाकी सगळं, म्हणजे भाषणं, गोषवारे आणि स्लाइडमधला मजकूर, शीर्षकांची रचना नीट असलेल्या वर्ड फाइलमध्ये आठ दिवस आधी पाठवा. ब्रेल डिस्प्ले वापरणारा ते आपल्या यंत्रावर वाचतो. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे त्याच्यासाठी कोरा कागद. कमी दिसणाऱ्यांना १८ ते २४ पॉइंटचा ठळक टाइप, मॅट कागदावर.

११. सभागृह आणि हॉटेल पाहताना काय तपासायचं?

क्षेत्रफळ हॉटेलवाले सांगतात त्याच्या दुप्पट धरा. नाट्यगृहासारख्या पक्क्या रांगा चालत नाहीत. बधिरांध व्यक्ती आणि दुभाषी गुडघ्याला गुडघा लावून बसतात, तर दुसरा दुभाषी बाजूला. खुर्च्या बिनहाताच्या, हलवता येणाऱ्या आणि एकाच उंचीच्या हव्यात. एकाची खुर्ची दोन इंच उंच असली तरी दुपारपर्यंत दोघांचे खांदे भरून येतात. कोपर टेकायला छोटी उशी मिळाली तर फार बरं.

सभागृहात अंधार करू नका. अशर असलेल्या माणसाला मंद प्रकाशात फारच कमी दिसतं. दुभाष्यामागे खिडकी किंवा एलईडी पडदा नको, साधा गडद पडदा हवा. दुभाष्यांचे कपडे एकरंगी, त्वचेच्या रंगाहून उठून दिसणारे, अंगठ्या, बांगड्या आणि उग्र अत्तर नको, नखं कापलेली. वातानुकूलन २४-२५ अंशांवर ठेवा. गारठलेल्या बोटांना खुणा आणि ब्रेल दोन्ही नीट वाचता येत नाहीत. लूप भाड्याने घेतला तर आदल्या दिवशी टी-कॉइलचं श्रवणयंत्र वापरणाऱ्याला सभागृहभर फिरवून तपासा. मंचाच्या दिव्यांच्या वायरिंगमुळे काही कोपऱ्यांत घरघर ऐकू येते.

आदला संपूर्ण अर्धा दिवस ओळखीसाठी ठेवा: खोलीपासून लिफ्ट, लिफ्टपासून सभागृह, तिथून स्वच्छतागृह. दाराच्या कडीला वेगळ्या पोताची दोरी बांधली की खोली ओळखता येते. आगीचा भोंगा आणि चमकणारा दिवा दोन्ही इथे कामाचे नाहीत. पाठीवर बोटाने मोठी फुली काढली की ‘आणीबाणी, काही न विचारता माझ्यासोबत चल’ असा अर्थ अनेक देशांत रूढ आहे. तो सर्वांना पहिल्याच दिवशी सांगा, हॉटेलच्या रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांनाही. मात्र परदेशी पाहुण्याला तो माहीत आहे असं गृहीत धरू नका.

१२. परदेशी प्रतिनिधी पर्यटन व्हिसावर आले तर चालेल का?

नाही. त्यांना परिषद व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी आयोजकाकडे संबंधित केंद्रीय मंत्रालयाची प्रशासकीय संमती (इथे सामाजिक न्याय मंत्रालय), परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी आणि गृह मंत्रालयाची मंजुरी लागते. गृह मंत्रालयाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान अशा काही देशांच्या नागरिकांसाठी सुरक्षा तपासणी वेगळी आणि लांब असते. कागद किमान चार-पाच महिने आधी हलवायला लागा.

नेहमी होणारी चूक अशी: यादीत प्रतिनिधींची नावं जातात आणि दुभाषी ‘सोबती’ म्हणून गाळले जातात. दुभाष्याचा व्हिसा अडकला तर प्रतिनिधी येऊच शकत नाही. दुभाष्यांची नावं, पारपत्र क्रमांक आणि भूमिका पहिल्या यादीतच घाला, राखीव दुभाष्यांचीही.

१३. परदेशी अनुदान थेट आमच्या खात्यात घेता येईल का?

परकीय योगदान (विनियमन) कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा त्या विशिष्ट प्रकल्पासाठी पूर्वपरवानगी असेल तरच. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरते, मग तुमच्या इतर नियुक्त खात्यात वळवता येते. या वाटेला लागणारे दिवस हप्त्यांच्या वेळापत्रकात धरा.

नोंदणी पाच वर्षांची असते. परिषद मुदतीच्या शेवटाला येत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज किमान चार महिने आधी द्या. मुदत संपलेल्या नोंदणीवर पैसे घेताही येत नाहीत आणि शिल्लक वापरताही येत नाही.

१४. आमच्याकडे ही नोंदणी नाही. नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेने पैसे घेऊन आम्हाला दिले तर?

बेकायदा आहे. २०२० पासून परकीय योगदान दुसऱ्या संस्थेला हस्तांतरित करण्यावर पूर्ण बंदी आहे, दोघींची नोंदणी असली तरीही. मार्ग हा, की नोंदणी असलेली संस्थाच अधिकृत आयोजक व्हावी आणि तिनेच सभागृह, हॉटेल, दुभाषी यांना थेट पैसे द्यावेत. तुम्ही माणूसबळ आणि ज्ञान द्या, आणि दोघींत कामाची वाटणी लेखी ठेवा.

परदेशी प्रतिनिधींची विमानतिकिटं अनुदान देणाऱ्याने आपल्याच देशात काढून दिली तर ती रक्कम तुमच्या हिशेबात येतच नाही. पण तुमच्या नावाचं इथल्या हॉटेलचं बिल परदेशातून परस्पर भरून घेणं धोक्याचं आहे. तसं करण्याआधी या कायद्याचं काम करणाऱ्या सनदी लेखापालाचं लेखी मत घ्या.

१५. परकीय योगदानातून करायच्या प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. दुभाष्यांचं मानधन त्यात धरतात का?

दुभाषी, मार्गदर्शक, ब्रेल छपाई आणि प्रतिनिधींचा प्रवास हा कार्यक्रमाचा थेट खर्च आहे. कार्यालयाचं भाडं, लेखापाल आणि व्यवस्थापकाचा पगार हा प्रशासकीय. गोंधळ होतो तो नावांमुळे. व्हाउचरवर ‘व्यावसायिक शुल्क’ किंवा ‘सल्लागार’ लिहिलं की लेखापरीक्षक ते प्रशासकीय रकान्यात टाकतो. ‘स्पर्श-दुभाषी, सत्र १ ते ४, अमुक तारीख, अमुक प्रतिनिधीसाठी’ असं लिहा आणि सत्रांची हजेरी जोडा. वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं असतं.

आणखी एक सावधगिरी: सरकारी अधिकारी किंवा सरकारी शिक्षक वक्ते असतील तर त्यांचं मानधन या पैशातून देऊ नका. लोकसेवकांनी परकीय योगदान घेण्यावर बंदी आहे. ते स्थानिक देणग्यांतून द्या.

१६. सहभाग शुल्क परदेशी चलनात आलं तर तेही परकीय योगदान का?

परिषदेचा खर्च भागवण्यासाठी घेतलेलं प्रतिनिधी शुल्क परकीय योगदान मानलं जात नाही. मात्र ते अनुदानाच्या खात्यात मिसळू नका, पावत्या वेगळ्या ठेवा, आणि कुणी शुल्कापेक्षा जास्त रक्कम ‘ठेवून घ्या’ म्हणून पाठवली तर वरची रक्कम देणगी ठरते. ती परत पाठवा किंवा प्रश्न १३ च्या वाटेने घ्या. दुभाष्यांकडून शुल्क घेऊ नका. ते घेतलं तर बधिरांध माणसाला एका खुर्चीचे तीन दाम पडतात.

१७. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) निधीतून परिषद करता येईल?

एकट्या परिषदेसाठी कठीण. मॅरेथॉन, पुरस्कार अशा एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांवरचा खर्च सीएसआर धरला जात नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकात सांगितलं होतं. त्यामुळे कंपनीपुढे परिषद मांडू नका. प्रश्न ७ मधलं वर्षभराचं दुभाषी प्रशिक्षण, ब्रेल डिस्प्ले, पालकांची शिबिरं मांडा. हा भार सीएसआरने उचलला की परिषदेच्या अनुदानावरचा ताण आपोआप हलका होतो.

१८. जेवणाची व्यवस्था बुफे ठेवली तर काय बिघडतं?

बरंच काही. ताट धरलं की दोन्ही हात अडकतात आणि संवाद थांबतो. रांगेत कोणतं पातेलं कशाचं ते कळत नाही. वाढून द्या. आपलं पारंपरिक ताट इथे फार सोयीचं आहे: कड उंच, मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भात मध्ये. पहिल्या दिवशी दुभाष्याने पाहुण्याचं बोट कडेने एकदा फिरवून जागा दाखवल्या की पुढचे दिवस सांगावं लागत नाही. अट एवढीच, वाढप्यांनी जागा बदलायच्या नाहीत. गरम वाटी ठेवताना मनगटाला हलका स्पर्श करून ठेवायची. काट्यांचे मासे आणि बारीक हाडांचा रस्सा टाळा.

जेवणाला दीड तास द्या. हातांनी बोलणारा माणूस जेवताना बोलू शकत नाही आणि बोलताना जेवू शकत नाही. दुभाष्यांना आळीपाळीने, पण पूर्ण ताट मिळालं पाहिजे.

१९. घरी बसून ऑनलाइन सहभागी होणाऱ्यांचं काय?

बोलण्याचा टंकलेला मजकूर वेगळ्या साध्या पानावर द्या. व्हिडिओवर उमटणारी अक्षरं ब्रेल डिस्प्लेवर नीट येत नाहीत किंवा वाचून होण्याआधी पुढे सरकतात. मराठीसाठी यंत्रावर विसंबू नका, टंकणारा माणूस बसवा. स्पर्श मात्र पडद्यातून जात नाही. स्पर्शातून संवाद करणारी व्यक्ती गडचिरोलीतून सहभागी होत असेल तर दुभाषी तिच्या घरी हवा, आणि त्याचं मानधन परिषदेच्या अंदाजपत्रकात. प्रश्न ५ चं गणित करताना ही माणसं मोजा.

२०. बधिरांध प्रतिनिधी एकटा विमानाने येऊ शकतो का?

अनेक विमान कंपन्या सोबती मागतात, काहींची धोरणं सैल असतात. तिकीट काढण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. भारतातल्या नियमांप्रमाणे साहाय्याची गरज उड्डाणाच्या ४८ तास आधी कळवायची असते. विमानतळावर घ्यायला जाणाऱ्याने हातात फलक धरून उपयोग नाही. आधी पत्रातून एक ओळख ठरवा, उदाहरणार्थ मनगटावरचं जाड विणलेलं कडं. भेटल्यावर त्याच्या हाताच्या पाठीला स्पर्श करायचा, त्याचा हात कड्यावर ठेवायचा, मग तळहातावर नाव लिहायचं. दंड धरून ओढत नेणं कधीच नाही. मदतनीस कुत्रा येणार असेल तर पशू संगरोध विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्याची चौकशी व्हिसाच्याही आधी सुरू करा.

२१. प्रतिनिधी ऐनवेळी आजारी पडला आणि आला नाही, तर त्याच्या दोन दुभाष्यांचे पैसे द्यायचे का?

हो. त्यांनी त्या दिवसांची दुसरी कामं नाकारलेली असतात. करारात टप्पे लिहा: ३० दिवस आधी रद्द झालं तर काही नाही, १५ दिवस आधी निम्मं, त्यानंतर पूर्ण. अनुदान देणाऱ्याशी हे कलम आधीच बोलून घ्या, नाहीतर लेखापरीक्षणात तो खर्च ‘काम न होता दिलेला’ म्हणून नाकारला जातो. मोकळे झालेले दुभाषी राखीव गटात घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाचं तरी मनगट दुखायला लागतंच.

२२. जन्मापासून बधिरांध असलेली, कोणतीही औपचारिक भाषा नसलेली तरुण मंडळी आणि त्यांचे पालक येऊ इच्छितात. त्यांना सत्रांत बसवायचं कसं?

दिवसभर भाषणांत बसवू नका. त्यांच्यासाठी शेजारीच एक शांत खोली ठेवा, सहा-आठ जणांपुरती, एकास एक ओळखीच्या माणसासह. अनोळखी दुभाषी इथे निरुपयोगी आहे. त्या व्यक्तीची संवादाची रीत घरच्यांना किंवा शाळेतल्या बाईंनाच माहीत असते. त्यामुळे पालकाबरोबर ओळखीच्या शिक्षकाचाही प्रवासखर्च धरा, म्हणजे पालकाला सत्रात जाता येईल.

दिवसाचा क्रम वस्तूंनी सांगा: चमचा म्हणजे जेवण, टॉवेलचा तुकडा म्हणजे आंघोळ, गाडीच्या पट्ट्याचं बक्कल म्हणजे प्रवास. घरी वापरतात त्याच वस्तू हव्यात, नव्या बनवू नका. पालकांना महिनाभर आधी कळवा, की ‘परिषद’ या जागेसाठी एक नवी वस्तू निवडा आणि ती रोज थोडा वेळ हातात द्या. प्रवासाच्या दिवशी ती हातात आली की कुठेतरी नेमकं जायचंय एवढं त्याला कळतं. त्या खोलीच्या दारालाही तीच वस्तू टांगा, त्याच्या हाताच्या उंचीवर.